जगदाळ्यांची जाऊबाई

अंगात एसटी कंडक्टरची खाकी असली की पंचशीला सरवदे वेगळीच बाई असायची. परळी डेपोच्या गाडीत दारू पिऊन चढलेल्या गड्याला ती आवाज न चढवता पुढच्या फाट्यावर उतरवायची आणि उतरलेला माणूस खाली उभा राहून "चुकलं ताई" म्हणायचा. तीच पंचशीला घरी येऊन गाऊन घालायची, शेजारीण आपल्या दारातला कचरा हिच्या दारात लोटताना बघायची आणि काही न बोलता तो सुपलीत भरून टाकायची. नवरा विलास, जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा मास्तर, म्हणायचा, "तू डेपोतच ऱ्हात जा. तितं तुला तोंड असतंय."

नातेवाईक तिला ढीगभर होते. सासरचे होते, माहेरचे होते, विहारातल्या बायका होत्या, डेपोतल्या सोबतिणी होत्या. पण काहीही काम नसताना फोन करून "काय करतेयस?" असं विचारणारी मैत्रीण तिला नव्हती. शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत ती नसल्याचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ती मैत्रीण मिळाली कुत्र्यामुळे. पहाटेच्या गाडीला जाताना रस्त्यात एक बाई पांढऱ्याशुभ्र बुटात झाडाला पाठ लावून उभी आणि समोर गुरगुरणारं कुत्रं. पंचशीलानं कुत्र्याला दारुड्यासारखंच दोन शब्दांत वाटेला लावलं. बाई उज्ज्वला जगदाळे निघाली. नवरा साखर कारखान्यात इंजिनिअर, माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, मुलं शिकायला बाहेर, घर मोठं आणि दिवस त्याहून मोठा. त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला आणि मग येतच राहिला. एकदा ती घरी आली. चहा प्याली, कपाटावरच्या बुद्धाकडे बघितलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बघितलं आणि कोणी काही विचारलं नसताना म्हणाली, "माझं तसलं काही नसतं हं, पंचशीला." पंचशीलाला बरं वाटलं. पुढे कप विसळताना थोडं वेगळंही वाटलं, पण तिनं ते कपाबरोबरच विसळून टाकलं.

डोंगर चढायची टूम उज्ज्वलाचीच. पूर्वी ती सह्याद्रीत खूप भटकलेली. तंबू, पाठीवरच्या पिशव्या, झोपायच्या गुबगुबीत पिशव्या, सगळं माळ्यावर पडून होतं. "शनिवारी धर्मापुरीला उतरू. देऊळ बघू. मग रानातून चालत डोंगराखालच्या तलावावर. तिथं मुक्काम. रविवारी डोंगर ओलांडून पलीकडच्या रस्त्याला. थंडी काय मस्त आहे बघ!"

पंचशीला आजवर घराबाहेर झोपली होती ती लग्नात, बाळंतपणात, दवाखान्यात, नाहीतर मुक्कामी गाडीवर. नुसतं झोपण्यासाठी बाहेर झोपायचं ही कल्पना तिला इतकी आवडली की ती स्वतःच दचकली. रजा मागितली तर साहेबांनी हूं की चूं न करता दिली. मग तिला आठवलं, त्या शनिवारी येळवस होती. येळवशीला या भागातली अख्खी गावं शेतात जेवायला जातात आणि गाड्या मोकळ्या पळतात.

"म्हणजे काय असतं?" उज्ज्वलानं विचारलं. तिच्याकडे हा सण नव्हता.

"मार्गशीर्षातली अवस. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. पालेभाजी-कडधान्याची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकाची आंबील. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारून जेवायला घालतात."

"अय्या! मग तर मज्जाच!"

पंचशीलानं पुढचं सांगितलं नाही. तिची आई दगडाबाई लहान होती तेव्हा येळवशीची आंबील बांधाच्या बाहेर उभं राहून, वरून ओततील तशी घ्यावी लागायची. धम्म घेतल्यावर दगडाबाईच्या बापानं ते बंद केलं. दगडाबाईनं आपल्या लेकींना या दिवशी कोणाच्या शेतात पाऊल टाकू दिलं नाही. पण आपण कुठं कोणाच्या शेतात चाललोय, आपण तर वाटेनं जाणार, असं पंचशीलानं मनाशी ठरवलं.

शुक्रवारी तिनं दोन दिवसांच्या भाकरी थापल्या, कालवण केलं, विलासचे कपडे इस्तरी करून ठेवले. लेक पौर्णिमा लातूरला शिकत होती, तिचे जुने बूट काढले. ते अंगठ्याला टोचत होते. विलास दारात उभा राहून बघत होता.

"पाठीवर बिऱ्हाड घ्यायचं, रानात झोपायचं आनि ह्याला म्हनायचं सुट्टी," तो म्हणाला. "मग आमचे आजे-पंजे जल्मभर सुट्टीवरच व्हते की."

ती हसली. तोही हसला. भाकरी फडक्यात बांधून झाली तरी ते हसू दोघांच्या तोंडावर तसंच रेंगाळत होतं.

धर्मापुरीचं देऊळ बघून दोघी रानात शिरल्या तेव्हा ऊन नुकतं अंगाला लागायला लागलं होतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यावर. दर शेतात माणसं. पहिल्याच बांधावर हाक आली. उज्ज्वला उडी मारून आत गेली. पंचशीला "माझं पोट बरं नाही" म्हणत बांधावरच थांबली. दुसऱ्या शेतातही तेच झालं. उज्ज्वला आंबिलीच्या मिशा पुसत परत आली आणि म्हणाली, "तू काय गं, सासुरवाशिणीसारखी! चल की."

तिसरं शेत राधाकिशनचं होतं. तो नुसती हाक मारून थांबला नाही, सरळ वाटेत येऊन उभा राहिला. "आता न्हाई म्हनायचं न्हाई, ताई. माय म्हनली, त्या दोघीला घेऊन ये, न्हाई तर तू बी येऊ नको."

कोपीपुढे त्याची आई छबुबाई बसली होती. अंगावर नवं लुगडं, हातात पळी. "आगं बया, पाठीवर काय बांधलंय एवढं?"

"घर बांधलंय, आजी! रात्री तलावावर झोपणार आहोत."

"नवऱ्यानं हाकलून दिलं का काय?"

सगळं शेत हसलं. राधाकिशनच्या बायकोनं घोंगडी झटकून टाकली. पाणी आलं. मग छबुबाईनं, थंडी कशी काय म्हणतेय हे विचारावं तितक्या सहज, विचारलं, "कुनाच्या म्हनायच्या तुमी?"

हा प्रश्न पंचशीलाला नवा नव्हता. त्याच्याशी वागायची तिची एक रीत होती. उशीर करायचा नाही, आडवळण घ्यायचं नाही; नाव, आडनाव, सगळं एका दमात सांगायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. तिथं काय उमटेल त्यावर पुढचं ठरवायचं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात उज्ज्वलाचा हात तिच्या खांद्यावर पडला.

"आम्ही जगदाळे. साताऱ्याकडच्या. आणि ही शीला, माझी जाऊ."

उज्ज्वलानं तिला आजवर कधी शीला म्हटलं नव्हतं.

"सख्ख्या का चुलत?"

"सख्ख्या!"

"आनि जोडीनं फिरतात म्हने! आमच्या घरात दोन जावा एका चुलीपुढं बसत न्हाईत," छबुबाई म्हणाली आणि सुनेकडे बघून डोळा बारीक केला. सून म्हणाली, "दुसरी जाऊ लातूरला ऱ्हाती म्हून बरंय." परत हसू झालं. त्या हसण्यात पंचशीलाचं उघडलेलं तोंड कधी मिटलं, तिचं तिलाच कळलं नाही. पहिल्या क्षणात बोलायचं होतं. तो गेला. दुसऱ्या क्षणात बोलायचं म्हणजे मैत्रिणीला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं. तिसऱ्या क्षणात छबुबाईनं तिचा हात हातात घेतला होता.

"माहेर कुटलं गं तुजं?"

गेवराईच्या गाडीवर पंचशीलानं कितीतरी वर्षं काढलेली. त्या बाजूचे थांबे तिच्या तोंडात बसलेले. त्यातलं इथून सगळ्यात लांबचं एक गाव आपोआप बाहेर पडलं. "उमापूर."

"उमापूर! आगं, माजी धाकली भन दिलीय की उमापूरला! कुनाची तू?"

"आजी, आधी खायला घाला, मग पंचनामा करा," उज्ज्वला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. तिच्यासाठी हा लपाछपीचा डाव होता आणि तो फार झकास रंगला होता.

पण जेवणाआधी पूजा होती. परगावच्या दोन सख्ख्या जावा येळवशीला आपल्या पावलानं आल्या, तर पहिलं कुंकू त्यांच्याच हातचं, असं छबुबाईनं जाहीर केलं. पंचशीला म्हणाली, "तुमचं तुम्हीच करा, आजी." छबुबाईला वाटलं, लाजतेय. तिनं मनगट धरून कोपीत नेलं. कोपीत ओल्या कडब्याचा वास होता आणि पाच पांढरे दगड. पंचशीलानं वयात आल्यापासून कोणत्या दगडाला हात जोडले नव्हते, कोणाचे जोडलेले हात ओढलेही नव्हते. तिच्या बोटाला कुंकू लावून छबुबाईच तिचं बोट दगडाकडे नेत होती, लहान लेकराला अक्षर गिरवायला शिकवावं तसं. पाचही दगडांना कुंकू लागलं. मग छबुबाईनं तिच्या कपाळाला लावलं, ओटीत गहू घातले आणि तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

ती ओटी धरून कोपीच्या बाहेर आली आणि समोर आश्रुबामामा उभा होता.

आश्रुबा तिच्या आईचा चुलतभाऊ. धर्मापुरीकडे कोणाच्या तरी शेतात सालगडी आहे एवढं तिला माहीत होतं. त्या कोणाचं नाव राधाकिशन असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. मामाच्या खांद्यावर पाण्याची घागर होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, तिच्या कपाळाकडे बघितलं, ओटीकडे बघितलं.

"आश्रुबा, पावनीला पानी दे," छबुबाई म्हणाली. "जगदाळ्याच्या जाऊबाई हायेत. उमापूरच्या."

मामानं घागर टेकवली, तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या बाई," तो म्हणाला.

जेवायला सगळे एकाच रांगेत बसले. राधाकिशन बसला, पोरं बसली, आश्रुबाही बसला, रांगेच्या टोकाला, पण तसल्याच पत्रावळीवर, त्याच भज्जीला. छबुबाईनं त्याला दोनदा आग्रह केला. "खा की रं आश्रुबा, लाजतो का पोरीसारका!" तो आपल्या नावानं हाक मारून घेत होता, आपल्या नावानं जेवत होता. त्याच रांगेत मध्यभागी, सगळ्यात मानाच्या जागी, पंचशीला दुसऱ्याच कोणाचं तरी नाव लावून बसली होती आणि तिच्या पानात तुपाची धार पडत होती. ती उंडा नुसता कुस्करत होती. "पोट बिघडलंय बिचारीचं," उज्ज्वला सगळ्यांना सांगत होती.

तलाव तिथून हाकेच्या अंतरावर होता. बांधाच्या आडोशाला, राधाकिशनच्याच पडीक तुकड्यात त्यांनी तंबू ठोकला. दिवस कलला तशी गार हवा पाण्यावरून यायला लागली. खालच्या शेतांतून माणसं कडब्याच्या पेटत्या चुडी घेऊन पिकाभोवती फिरत होती. आश्रुबा कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन वर आला. मालकानं पाठवल्या होत्या. उज्ज्वला तंबूत सामान लावत होती.

"मामा, जय भीम," पंचशीला म्हणाली.

त्यानं आधी तंबूकडे बघितलं. "हळू. जय भीम, बाळे. दगडाबाई बरी हाय?"

"बरी आहे."

"मला वाटलं, माज्याच डोळ्याला कमी दिसाय लागलं."

"मी नाही म्हणाले तसं. ती म्हणाली आणि मग..."

"आसंल." त्यानं पेंढी सोडायला घेतली. "तुला कोन काय म्हनलं असतं का, ते मला न्हाई सांगता येनार. मला कुनी उठवत न्हाई. आगुदर वाटी आलग व्हती, आता ती बी न्हाई. म्हातारी मायाळू हाय. पर लबाडी तिला खपत न्हाई. म्हनंल, आश्रुबा, तुज्या डोळ्यादेखत तुजी भाची आमच्या पांडवाला शिवली आनि तू आंबील पीत बसलास."

"मग मी उद्या सांगून टाकते."

"काय सांगतीस? मामाला ठावं व्हतं म्हून?"

"मग नाही सांगत."

"न्हाई सांगितलं तर ती उमापूरला फोन लावनार. तिला दम निघत न्हाई."

"मग मी करू काय, मामा?"

आश्रुबानं दुसरी पेंढी सोडायला घेतली. गाडीत अशा वेळी ती घंटी वाजवायची आणि गाडी थांबायची. इथं ओढायला दोरी नव्हती.

"आता काय," तो शेवटी म्हणाला. "ह्यो कडबा हातरा खाली. भुईतून गारठा लागतो."

तो उतरून गेल्यावर ती तंबूत शिरली. उज्ज्वलानं छोटी बत्ती लावली होती. बाहेर अजून उजेडाची तांबूस कड होती.

"तू मला जाऊ का म्हणालीस?"

"म्हणजे?" उज्ज्वलाला खरंच कळलं नाही. मग कळलं. "अगं, ते काही वेडंवाकडं बोलले असते म्हणजे? तुला केवढं लागलं असतं! मला नाही सहन होत असलं काही."

"मला होतं."

"काय?"

"सहन. मला सवय आहे. मी नाव सांगते, ते काय करायचं ते करतात, मग मला कळतं. आज ते कळलंच नाही. म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवला. तो कोणाच्या गालावरून फिरवला, सांग बरं?"

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. "मी इतकं प्रेमानं केलं," ती म्हणाली, "आणि तू मलाच..." ती पाठ करून नाक ओढत राहिली. पंचशीला थोडा वेळ तिच्या हलणाऱ्या पाठीकडे बघत बसली. मग काय करणार, तिनं त्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे. रडू नको. मला तसं म्हणायचं नव्हतं." तिला तसंच म्हणायचं होतं.

मामाचंही तिनं उज्ज्वलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उज्ज्वला उठून, भर अंधारात, खाली जाऊन सगळं नीट करायला निघाली असती.

सकाळी तंबूवर दव साचलं होतं. चहाचं पाणी उकळत असतानाच बांधावरून छबुबाई येताना दिसली. थंडीनं कानाला पदर गुंडाळलेला. मागे आश्रुबा, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा.

"रातच्या भज्जीला सकाळी चव असती," ती बसत म्हणाली. आश्रुबानं डबा खाली ठेवून फडकं सोडायला घेतलं. मग ती पंचशीलाकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "मी भनीला फोन लावला व्हता. ती म्हनती, उमापूरची एक बी लेक जगदाळ्याला दिलेली न्हाई. कावून गं?"

"अहो आजी, ते उमापूर वेगळं—" उज्ज्वलानं सुरू केलं.

"आजी," पंचशीला म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता, पण खाकीतला नव्हता. "मी ह्यांची जाऊ नाही. मैत्रीण आहे. माझं नाव पंचशीला सरवदे. आम्ही बौद्ध आहोत. काल सांगायला पाहिजे होतं. पांडवाला हात लावायच्या आधी तरी सांगायला पाहिजे होतं."

चहा उतू गेला. कोणी तो उतरवला नाही.

"मग माहेर?" छबुबाईनं विचारलं. बाकी कशाहीपेक्षा तिला तेच आधी हवं होतं.

पंचशीलानं रात्रभर हाच प्रश्न उलटासुलटा करून बघितला होता. पुन्हा खोटं गाव सांगायचं नाही, एवढंच तिचं ठरलं होतं. तिनं डोंगरापलीकडच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं.

छबुबाई हळूच मागे वळली. "हे तर तुज्या भनीचं गाव की रं, आश्रुबा. तुज्या वळखीची हाय का ही?"

आश्रुबा पाण्याकडे बघत होता. "न्हाई, मालकीन," तो म्हणाला. "गाव मोटं हाय. समदे थोडेच वळखू येतेत."

"व्हय गं?" छबुबाईनं परत पंचशीलाकडे बघितलं. म्हातारीचे डोळे फार स्वच्छ होते. "तुला ह्यो ठावा न्हाई?"

आईच्या लग्नात मामानं आईला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता, ही गोष्ट पंचशीलानं लहानपणी शंभरदा ऐकली होती. ती गोष्ट सांगताना दगडाबाई दर वेळी हसायची. मामाचा हात डब्याच्या फडक्याला धरून होता. फडकं सुटलं होतं तरी तो ते धरून होता.

"नाही," पंचशीला म्हणाली. "मी ह्यांना ओळखत नाही."

छबुबाईनं कानावरचा पदर सावरला. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "आदी सांगायचं की गं बाई," ती म्हणाली. "आमी काय ताटावरून उठवलं असतं का?" ती रागावून म्हणत होती की दुखावून, की स्वतःलाच विचारत होती, यातलं काहीच पंचशीलाला ठरवता आलं नाही. उज्ज्वलानं घाईघाईनं डब्यातली भज्जी आपल्या पातेल्यात काढायला घेतली, तेव्हा छबुबाई म्हणाली, "डबा ऱ्हाऊ द्या तुमालाच. परत कशाला देता."

ती बांधावरून निघाली. आश्रुबा तिच्या मागे, नेहमी चालतो तेवढंच अंतर ठेवून. ज्वारीत शिरेपर्यंत त्याची टोपी दिसत होती. तो वळून बघेल असं पंचशीलाला वाटलं नाही, आणि तो वळलाही नाही.

"गेल्या एकदाच्या," उज्ज्वलानं श्वास सोडला. "तुला काय गरज होती गं सांगायची? मी सांभाळून घेतलं असतं. आणि बघ, काही म्हणाल्या का त्या? डबासुद्धा देऊन गेल्या. माणसं चांगलीच असतात, पंचशीला. आपणच उगाच घाबरतो." तिनं तंबूच्या खुंट्या उपटल्या. दवानं जड झालेलं कापड भुईवर बसलं. "धर ते टोक. दोन्ही हातांनी धर, नाहीतर घडी वाकडी येते."

पंचशीलानं टोक धरलं. दोन्ही हातांनी.